आप्पांचा एक आणा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२०२२ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतली एक मुलगी युक्रेनहून घरी परत आली. डॉक्टरकी शिकायला गेली होती. २४ फेब्रुवारीला रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले, तेव्हा तिने काही दिवस तळघरात काढले, पायी सीमा ओलांडली आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने ती मायदेशी पोचली. आईवडिलांनी गल्लीत पेढे वाटले. मीही भेटायला गेलो. ती म्हणाली, "आजोबा, मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, त्या बाईंनी निघताना घरातला अर्धा पाव मला बांधून दिला. आणि इथे आल्यावर जो तो विचारतो, काय गं, कोण जिंकेल? क्रिकेटची मॅच असल्यासारखं! आपण त्यांच्या बाजूने का बोलत नाही?"

चौतीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. पण या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. दुसऱ्या देशावर कोणी चालून गेले, तर आपण साध्या माणसांनी काय म्हणावे, काय द्यावे, आणि दिल्याचा हिशेब कसा ठेवावा? मला माझ्या वडिलांची आठवण झाली. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. १९३८ साली त्यांनी याच कामासाठी एक आणा दिला होता, आणि त्या एका आण्यावरून पुढे चोवीस वर्षांनी आमच्या घरात भांडण झाले. आज ती हकिगत सांगतो.

७ जुलै १९३७ रोजी जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नानकिंग पडले आणि तिथे झालेल्या कत्तलीच्या बातम्या जगभर गेल्या. आपण तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होतो. तरीही काँग्रेसने जपानी आक्रमणाचा निषेध केला आणि जपानी माल घेऊ नका, असे लोकांना सांगितले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर आणि औषधे मागितली. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी ३० जून १९३८ ला वृत्तपत्रांतून आवाहन केले. हल्ल्याला वर्ष होत होते, म्हणून ७ ते ९ जुलै हे दिवस देशभर 'चीन दिन' आणि 'चीन निधी दिन' म्हणून पाळले गेले. जमले सुमारे २२ हजार रुपये. त्यातून एक रुग्णवाहिका, औषधे आणि पाच डॉक्टर पाठवायचे ठरले.

आप्पा तेव्हा चौदा वर्षांचे होते. सोलापुरात मामांकडे शिकायला राहिले होते. मामा गिरणीत कामाला. निधीचा डबा घेऊन मुले दारोदार फिरत होती. मामांनी आप्पांना वहीसाठी दिलेला आणा आप्पांनी त्या डब्यात टाकला. घरी बोलणी खाल्ली. "चीन कुठे आहे हे तरी ठाऊक आहे का रे तुला?" असे मामींनी विचारल्याचे ते सांगत. ठाऊक नव्हते. पण आठच वर्षांपूर्वी, १९३० साली, सोलापूरकरांनी इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला होता. पुढच्या जानेवारीत मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले होते. दुसऱ्याच्या बंदुकीखाली शहर कसे जगते, हे त्या गावातल्या पोराला समजावून सांगावे लागत नव्हते.

त्या पाच डॉक्टरांत दोघे महाराष्ट्रातून आलेले होते. नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, ते त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते. उरलेले दोघे, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, कलकत्त्याचे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने पथक निघाले. कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते.

आज आपण हे सांगतो तेव्हा असे वाटते की, सारा देश एकमुखाने चीनच्या पाठीशी उभा होता. तसे मुळीच नव्हते. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले, तेव्हापासून आपल्याकडे जपानविषयी कौतुक होते. आशिया आशियावासीयांची, हे जपानचे म्हणणे अनेकांना पटत होते. जपानी कवी नोगुची यांनी १९३८ साली रवींद्रनाथ टागोरांना पत्रे लिहून जपानची बाजू घ्यावी म्हणून गळ घातली. रवींद्रनाथांचे जपानवर प्रेम होते, तरी त्यांनी ती बाजू घ्यायला स्वच्छ नकार दिला. इकडे त्याच ऑगस्टमध्ये पुण्याच्या सभेत सावरकरांनी वेगळा विचार मांडला. परराष्ट्रधोरण कोणत्याही 'वादा'वर ठरवू नये, आपल्या राष्ट्राचे हित पाहून ठरवावे, असे त्यांचे सांगणे होते. हा विचार मानणारेही पुष्कळ होते, आजही आहेत.

शिवाय पोटाचा प्रश्न होता. जपानी कापड स्वस्त मिळे. त्यावर बहिष्कार म्हणजे गरिबाला महाग कापड. आणि इथल्या गिरणीमालकाला मात्र तो फायद्याचा. उलट वऱ्हाड-खानदेशचा कापूस घेणारे मोठे गिऱ्हाईकही जपानच. १९३३ साली आयात करावरून वाद झाला, तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस घेणेच बंद केले होते आणि शेतकऱ्याला त्याची झळ बसली होती. म्हणजे लांबच्या देशाची बाजू घेण्याची किंमत असते, आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. भाषण करणाऱ्याला ती कमी पडते, कापूस पिकवणाऱ्याला जास्त. ही गोष्ट तेव्हाही खरी होती, आजही खरी आहे.

तर पथक चीनला पोचले. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत येण्याचा मार्ग मोकळा होता. ते आले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले. पुढे एकेक जण परतला. कोणाची प्रकृती बिघडली, कोणाची मुदत संपली. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या आघाडीवर डोंगराळ मुलखात राहिले. त्याच भागात नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन ते १९३९ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, शल्यक्रियेवर पुस्तक लिहायला बसले. को छिंगलान या परिचारिकेशी त्यांचे लग्न झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने डॉ. कोटणीस गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

श्रोतेहो, त्या दिवशी आपल्या नगरमध्ये काय होते, हे आठवा. ज्या नेहरूंकडे चीनने डॉक्टर मागितले होते, ते नेहरू तेव्हा आपल्याच भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. ९ ऑगस्ट १९४२ ला मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीतले बारा जण तिथे आणले गेले. मार्च १९४५ पर्यंत ते तिथेच होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नेहरूंनी तिथे लिहिले, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण ज्या 'छोडो भारत' ठरावापायी ही मंडळी किल्ल्यात आली, त्या ठरावात चीनचाही उल्लेख होता, हे सहसा सांगत नाही. आमच्या लढ्यामुळे चीन आणि रशिया यांच्या संरक्षणात अडथळा येऊ नये, त्यांचे स्वातंत्र्य मोलाचे आहे, अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत. स्वतः तुरुंगाच्या दारात उभे असताना दुसऱ्याच्या घराची काळजी वाहणारा असा ठराव क्वचितच झाला असेल.

आणि याच काळातली दुसरी बाजूही लपवू नये. ज्या सुभाषबाबूंनी डॉक्टर पाठवले, तेच १९४३ मध्ये जपानच्या मदतीने आझाद हिंद सेना उभी करीत होते. १९३७ साली त्यांनी स्वतःच जपानच्या साम्राज्यवादावर टीका करणारा लेख लिहिला होता. मग हे कसे? त्यांच्यापुढे तेव्हा देशाची गुलामगिरी होती आणि मदत जिथून मिळेल तिथून घ्यायची होती. मी त्यांना दोष देत नाही. आपल्यापैकी लाखो लोकांनी तेव्हा किल्ल्यातल्या नेहरूंवरही प्रेम केले आणि सिंगापूरमधल्या सुभाषबाबूंवरही. लोकमत असेच असते. ते एका रेषेत चालत नाही. मदत देणाऱ्याचा विचार आणि मदत घेणाऱ्याचा विचार यांत अंतर पडते, मग माणूस तोच का असेना.

आता येतो १९६२ वर. मी अकरा वर्षांचा होतो. आप्पा सोलापूर सोडून नगरला येऊन पुष्कळ वर्षे झाली होती. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा १९४६ चा चित्रपट त्यांनी जत्रेच्या तंबूत तीनदा पाहिला होता, आणि दर वेळी ते माझ्या आईला आपल्या आण्याची गोष्ट सांगत. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. संरक्षण निधीसाठी गावोगाव सभा सुरू झाल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. आमच्या आजीने डोरल्यातले दोन मणी काढून निधीत दिले. त्या रात्री जेवताना चुलते आप्पांना म्हणाले, "दादा, तुमचा तो आणा आता परत मागा चीनकडून. त्यांच्यासाठी आपला डॉक्टर मेला, आणि त्यांनी आपल्यालाच गोळ्या घातल्या."

सगळे गप्प झाले. चुलत्यांचा राग खोटा नव्हता. गावातली पोरे सरहद्दीवर होती. आप्पांनी हात धुतला आणि म्हणाले, "आणा मी त्यांच्या सरकारला दिला नव्हता रे. डब्यावर दवाखान्याचं नाव होतं. त्यात कोणाची तरी जखम बांधली असेल. आता बांधलेली जखम परत सोडायला सांगू का?"

चुलते ताडकन उठले. दोन दिवस दोघे बोलले नाहीत. आप्पांनीही दुसऱ्या दिवशी संरक्षण निधीत पगारातले पाच रुपये भरले. त्याची पावती त्यांनी आयुष्यभर ट्रंकेत जपली. दोन्ही दिलेल्या पैशांत त्यांना विसंगती दिसत नव्हती. मला ती बरीच वर्षे दिसत होती.

आता त्या वेळचे आपले सर्वांचे मन आठवा. आपल्यावर हल्ला झाला होता आणि आपण चहूकडे पाहत होतो की, आपल्या बाजूने कोण बोलते. नेहरूंनी अमेरिकेकडे शस्त्रे मागितली. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून अमेरिकेची आणि ब्रिटनची मदत विमानांनी येऊ लागली. १९ नोव्हेंबरला तर त्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना पत्रे लिहून लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या मागितल्या. दोनच दिवसांनी चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. पण ज्या अलिप्त राष्ट्रांना आपण भाऊ मानत होतो, त्यांतल्या बहुतेकांनी आक्रमकाला आक्रमक म्हणण्याचे टाळले. डिसेंबरात कोलंबोला सहा देश जमले, ते मध्यस्थी करायला. आपल्या लोकांना ते फार लागले. "मध्यस्थी कसली करता? घर आमचे फोडले आहे, एवढे तरी म्हणा!" अशी भाषा तेव्हा घराघरात होती.

पुढे ६० वर्षांनी, २ मार्च २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे आला. १४१ देशांनी बाजूने मत दिले, ५ विरुद्ध गेले आणि ३५ तटस्थ राहिले. तटस्थांत आपण होतो. त्याची कारणे आहेत, आणि ती फालतू नाहीत. आपल्या सैन्याची पुष्कळशी शस्त्रे रशियन बनावटीची. १९७१ च्या डिसेंबरात सुरक्षा समितीत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला तो सोव्हिएत युनियनने. आपले विद्यार्थी तेव्हा तिथे अडकलेले. सरकारला हे सगळे तोलावे लागते. पण त्याच आठवड्यात, १ मार्चला, आपल्या सरकारने युक्रेनसाठी औषधांची पहिली खेप पोलंडमार्गे रवाना केली, हेही लक्षात ठेवावे. तटस्थ मत आणि औषधाची पेटी, दोन्ही आपलीच.

मदतीची दुसरी बाजू पाहायची असेल तर आपल्याच रणगाडा संग्रहालयात जा. १९९४ पासून ते इथे आहे. आपण नगरकर पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो, भेळ खाऊन परत येतो. पुढच्या वेळी जरा थांबून पाटी वाचा. फ्रेंच बनावटीचा एएमएक्स रणगाडा बघा. १९६२ च्या ऑक्टोबरात असे सहा रणगाडे चुशूलच्या उंचीवर विमानांनी पोचवले गेले. ती विमाने होती रशियन बनावटीची. संकटात कोणाकोणाचे लोखंड उपयोगी पडते ते दिसेल. मग पॅटन रणगाडा बघा. तो अमेरिकन. कम्युनिस्टांना अडवण्यासाठी म्हणून अमेरिकेने पाकिस्तानला दिला, आणि १९६५ साली असल उत्तरच्या उसाच्या शेतात तो आपल्यावर चालून आला. देणाऱ्याचा हेतू एक, घेणाऱ्याचा उपयोग दुसरा. बंदूक दिली की ती पुढे कोणाकडे वळेल, हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणून शस्त्रांच्या मदतीबद्दल लोकांनी सरकारला प्रश्न विचारलेच पाहिजेत. ती का देतो, किती देतो, कोणाला देतो, आणि लढाई संपल्यावर तिचे काय होणार?

जखम बांधण्याच्या मदतीला मात्र हे भय नाही. कोटणीसांनी बांधलेला एकही पट्टा पुढे आपल्यावर उलटला नाही. १९६२ चा हल्ला पेकिंगच्या सरकारने ठरवला होता. तो कोटणीसांच्या रुग्णांनी ठरवला नव्हता. माझ्या चुलत्यांचा हिशेब चुकला तो इथे. त्यांनी मदतीला उसनवारी समजले. उसने दिले की परतफेडीची वाट पाहावी लागते आणि ती झाली नाही की फसल्यासारखे वाटते. लोकांनी लोकांना केलेली मदत ही उसनवारी नसते.

१९७१ साली हे आपण सगळ्यांनीच अनुभवले. पूर्व बंगालमधून एक कोटीच्या आसपास निर्वासित आले. त्या नोव्हेंबरापासून पत्रावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचे निर्वासित मदत तिकीट लावावे लागे. ते १९७३ च्या मार्चपर्यंत चालले. नगर जिल्ह्याची तेव्हा काय स्थिती होती? दुष्काळ सुरू झाला होता, १९७२ मध्ये तर लोक खडी फोडायला गेले. तरी मुंबईला कामाला गेलेल्या मुलाला पाकीट पाठवताना इथली आई पाच पैसे जास्त देत होती. बांगलादेशने पुढे आपल्याशी कसे वागावे, हे ठरवून ते पैसे कोणी दिले नव्हते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. आपण त्यांच्या बाजूने का बोलत नाही? बाळ, सरकार तटस्थ राहिले म्हणून गल्लीने तटस्थ राहावे, असा काही नियम नाही. १९५६ साली सोव्हिएत फौजा हंगेरीत शिरल्या आणि आपले सरकार स्पष्ट बोलेना, तेव्हा जयप्रकाश नारायणांनी नेहरूंवर उघड टीका केली. त्याने देशाचे काही बिघडले नाही. सरकारच्या मतात तेल असते, शस्त्रे असतात, उद्याची गरज असते. लोकांच्या मतात निदान एवढे तरी असावे की, ज्याचे घर फोडले त्याचे घर फोडले, असे म्हणता यावे. मग तो युक्रेन असो की दुसरा कोणता देश. आणि फोडणारा आपला जुना मित्र असो की जुना शत्रू. मित्राने केले तर गप्प आणि शत्रूने केले तर गलका, हे लोकमत नव्हे.

पण नुसते म्हणूनही भागत नाही. कट्ट्यावर बसून बाजू घ्यायला काही पडत नाही. आप्पांना वही मिळाली नाही, आजीच्या डोरल्यातले दोन मणी गेले, कोटणीसांचा तर जीव गेला. बाजू घेताना आपले स्वतःचे काय जाते, हे एकदा स्वतःला विचारावे. काहीच जात नसेल, तर दुसऱ्याच्या पोराने लढावे असे ओरडण्याचा अधिकारही आपल्याला थोडाच आहे.

कोटणीसांचा मुलगा यिनहुआ १९६७ मध्ये ऐन तारुण्यात वारला. पत्नी २०१२ पर्यंत होत्या. त्या सोलापूरला सासरी येऊन गेल्या होत्या. उत्तर चीनमध्ये शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा उद्यानात कोटणीस आणि बेथ्यून दोघांच्याही समाध्या आहेत आणि लोक तिथे फुले वाहतात. दोन्ही सरकारांचे संबंध कितीदा तरी बिघडले, सुधारले, पुन्हा बिघडले. सोलापुरात कोटणीसांच्या राहत्या घरी त्यांचे स्मारक झाले आहे. नगरहून चार-पाच तासांचा रस्ता आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जा.

त्या मुलीला मी हे सगळे त्या दिवशी सांगू शकलो नाही. पुढे तिने शिक्षण दुसरीकडे पूर्ण केले. मध्यंतरी भेटली, तेव्हा म्हणाली की त्या घरमालकीण बाईंना ती अजून अधूनमधून फोन करते. "काय बोलता गं?" मी विचारले. "काही नाही आजोबा," ती म्हणाली, "जेवलात का, एवढंच विचारते. तेवढी त्यांची भाषा मला येते."